तीन वेढ्यांची सुपारी

अक्का, तू गेल्यापासून मी एकही गाणं मोजलं नव्हतं. आज मोजायला बसले आणि मध्येच हात थांबला. का थांबला ते तुलाच सांगायचं आहे. ओट्यावर तुझी जागा रिकामी आहे, म्हणून माझ्या धाकट्या लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही मोडनिंब गावची. अक्षर कुठे चढेल, कुठे उतरेल. तुला वाचता येत नव्हतंच. मी कधी काही लिहीत बसले की तू मान वाकडी करून बघायचीस आणि मुंग्यांची वरात निघाली म्हणायचीस.

गाणं विड्यांत मोजायचं हे तुझं. घड्याळ तुझ्या घरी नव्हतं, माझ्याही नव्हतं. मिलच्या भोंग्यावर दिवस कळायचा, पण भोंग्याला मधले तुकडे नसतात. ते तू शोधून काढलेस. आपण ओट्यावर शेजारी शेजारी बसायचो, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. आपली गल्ली मारुतीच्या देवळाकडे जाणारी, त्यामुळे लग्नसराईत जो नवरदेव पाया पडायला निघेल तो आपल्या दारावरून जायचा. गल्लीच्या तोंडाशी बँड लागला की तुझं बोट वर व्हायचं. बँड तुझ्या निळ्या दारापुढून जाऊन वळणावर विरला की तू नव्या विड्या चाचपून सांगायचीस, हे सातचं. हे नऊचं. एकदा एका नवरदेवाचा घोडा आपल्या दारापुढेच अडून बसला. बँडवाल्यांनी तेच गाणं इतक्यांदा वाजवलं की त्यांचे गाल दुखले असतील. तेव्हा तू म्हणालीस, हे लगीन पंचवीस विड्यांचं झालं, टिकंल.

आपलं भांडण कसं सुरू झालं ते आठवतं का तुला? मला आठवतं, कारण माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच भांडण.

त्याआधी आपल्याकडे एक जुना बँड यायचा. पांढरे पट्टे, एका रेषेत चाललेले लोक, सगळे एका पावलावर. नवरा लग्नाला निघाला आहे की लढाईला ते कळायचं नाही. पितळी कर्णे पुढे आणि त्यांचा एकच सूर. तू म्हणायचीस, ह्यांच्या वाजवण्यात हात आखडतो. मग एका वर्षी लाल कोटवाले आले. त्यांच्या पुढे कर्णे नव्हते. पुढे एक ठेंगणा माणूस होता आणि त्याच्या तोंडात काळी लांब पिपाणी. तिला क्लॅरिनेट म्हणतात हे आपल्याला दोन-तीन वर्षांनी समजलं. तोवर आपल्या बोलण्यात तो काळी पिपाणीवालाच होता. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर जी गाणी लागायची, ती त्यानं थेट रस्त्यावर आणली. बँडनं गाणं वाजवायचं असतं हे आपल्याला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत बँडनं फक्त वाजायचं असतं असं वाटायचं.

तुझ्या हातातली कातर तशीच राहिली. बँड वळणावर गेल्यावर तू म्हणालीस, "ह्याच्या पिपाणीत शब्द ऐकू येत्यात की."

हिंदी तुला येत नव्हतं. मराठीसुद्धा तुझ्या जिभेवर तेलुगूच्या वाटेनं यायचं. तरी तू शब्द ऐकलेस. मी काही बोलले नाही. मी कुठेच बोलत नसे. कारखान्यात माल द्यायला जायचो तेव्हा चेकर माझ्या चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला फेकायचा आणि मी खाली बघत उभी राहायचे. माझी एक खोड आहे. दोऱ्याचे दोन वेढे पुरतात, मी तीन घेते. आईनं तसं शिकवलं आणि हात दुसरं ऐकत नाही. चेकर म्हणायचा, दोरा वाया घालवते ही. तू मागून पुढे यायचीस, मला कोपरानं बाजूला सारायचीस आणि त्याला सांगायचीस, "तिच्या विडीचा दोरा सुटत न्हाय, तुझ्या धोतराचा सुटंल." सगळ्या बाया हसायच्या. माझ्या विड्या परत माझ्या टोपलीत यायच्या. मग घरी येताना तूच मला टोचायचीस, दोरा काय तुझ्या बापाचा हाय का म्हणून.

तर मी त्या दिवशी बोलले नाही, त्या लग्नसराईतही नाही. पण मी ऐकत होते. सगळ्यात मागे मोठा ढोल घेऊन चालणारा एक वाळका माणूस होता, नागनाथ. नाव नंतर कळलं. तो तीन ठोके मारायचा आणि चौथा सोडून द्यायचा. चौथ्याच्या जागी काहीच नसायचं. मी दोरा गुंडाळते, मग विडीचं तोंड नखानं मुडपते. ते तोंड मुडपणं बरोबर त्या रिकाम्या जागेत यायला लागलं. आधीच्या बँडला असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, पिपाणी काय, ती आधीही होती कुठेतरी. हे मोकळं सोडणं नवीन आहे.

पुढच्या वर्षी तू पुन्हा तेच म्हणालीस, ह्या पिपाणीवाल्यानं सगळा बाजा बदलला. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "शब्द ऐकू येतात ते ढोलवाला गप्प बसतो म्हणून."

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू सूप बोललं.

"एमे कौसल," तू तेलुगूत हाक मारलीस, "तुला तोंड हाय की."

मग तू हसलीस आणि लगेच भांडायला बसलीस. दुसरी कुणी असती तर माझं कौतुक करून मला परत गप्प केलं असतं. तू माझ्याशी बरोबरीनं भांडलीस. तो ढोलवाला म्हणजे काय, तुला विचारलं तर बैलगाडीचं चाक. चाक नसेल तर गाडी चालत नाही हे खरं, पण जत्रेला कुणी चाक बघायला जातं का? मी म्हणाले, चाक बदललं म्हणून तर गाडी नाचायला लागली. तू म्हणालीस, ओद्दू. नको म्हणायचं असलं की तुला तुझीच भाषा सुचायची.

किती वर्षं चाललं ते? धाकटी रांगत होती तेव्हा सुरू झालं, आता ती पाचवीत आहे. गल्लीतल्या बाया कंटाळल्या. आपण काही ठरवलं तरी सोलापुरातल्या एकाही बँडवाल्याला त्याचा पत्ता लागणार नव्हता. तरी आपण रोज नवा पुरावा आणायचो. तू सांगायचीस, आता बघ, प्रत्येक बँडमध्ये पिपाणीवाला पुढे आला आणि कर्णेवाले मागे गेले, हे कुणामुळे? मी सांगायचे, आता बघ, प्रत्येक बँडमधला ढोलवाला चौथा ठोका सोडायला लागला, त्या पांढऱ्या पट्टेवाल्यांचासुद्धा. ते आता एका पावलावर चालत नाहीत, जरा झुलत चालतात. हे पिपाणीनं केलं का? तू हातातली विडी बांधून संपवायचीस आणि म्हणायचीस, तुझी भाकरी करपली बघ आत. मी उठून बघायचे तर चूल विझलेली असायची.

मी दिवसभरात जेवढे शब्द बोलायचे त्यातले निम्मे त्या भांडणात जायचे. घरी हे विचारायचे, आज काय झालं, तर मी काही नाही म्हणायचे. खरं म्हणजे बरंच काही झालेलं असायचं.

मग बँजोवाले आले. तुझ्या वेंकटेशनंच आधी बातमी आणली. तो मागावरून आला, हातपायही न धुता ओट्यावर बसला आणि म्हणाला, आई, मावशी, तुमचे दोघींचे लाल कोटवाले आता गेले. दुसऱ्याच दिवशी हातगाडीवर त्यांची वरात दारात आली. हातभर वाद्य, त्याला तार, तारेला बॅटरी आणि गाडीवर गाढवाएवढा कर्णा. खिडक्यांची तावदानं थरथरली. वेंकटेशचं म्हणणं होतं की बाजा ज्यानं तारेला जोडला त्यानंच तो खरा बदलला. आधीचे सगळे फुंकून फुंकून मेले, ह्यानं नुसतं बोट लावलं आणि चार गल्ल्यांना ऐकू गेलं. दहा वर्षांनी लाल कोट फक्त बोहारणीकडे दिसतील, असं तो म्हणाला.

मला वाटलं तू त्याला झापशील. तू झापलं नाहीस. म्हणालीस, आपण हाताला विचारू. पुढची बँजोची वरात आली तेव्हा तू खरंच डोळे मिटून विड्या वळल्यास. हात असा पळाला की बघत राहावं. गाणं गेल्यावर मोजल्या, तेरा. वेंकटेश टाळी वाजवणार, तेवढ्यात तू एकेक विडी उचलून दाबून बघितलीस आणि त्यातल्या पाच स्वतःच बाजूला टाकल्यास. पोकळ होत्या.

"ह्यानं घाई शिकवली," तू म्हणालीस, "चाल न्हाय शिकवली."

तेव्हापासून आपल्याकडे तो कायदा झाला. कुणी किती मोठ्यानं वाजवलं, किती लोक नाचले, ते मोजायचं नाही. कुणाच्या वाजवण्यानं हाताची चाल कायमची बदलली तेवढं बघायचं. अक्का, मी शिकलेल्या माणसांची बोलणी पुष्कळ ऐकली आहेत, हॉटेलातल्या रेडिओवरही ऐकली आहेत. इतकं सरळ माप कुणी सांगितलेलं मला ठाऊक नाही. पण हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडणात माझी बाजू ढिली पडली असती.

आणि ती दुपार. त्या दुपारीच सगळं अडकलेलं आहे.

गल्लीतून एक अंत्ययात्रा गेली, पुढे हलगी. आपण सूप खाली ठेवून हात जोडले. यात्रा गेल्यावर तू म्हणालीस, मला हलगी नको बाई, हलगीत माझा हात चालत न्हाय. मी म्हणाले, तेव्हा कुठे हात चालवायचा आहे तुला? तू म्हणालीस, चाळीस वर्षं चाललेला हात, एकदम कसा थांबंल? थोडा तरी चालंल. मला काळी पिपाणी पायजे. रडकं गाणं नको, लग्नातलंच.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला तुझा ढोल. एक ठोका सोडून."

मग तू विचारलंस, हे बँडवाले बोलवायचे कसे? मी म्हणाले, सुपारी द्यावी लागते. एवढंच का, असं तू विचारलंस. मला कुणी काही विचारलं की मला इतकं बरं वाटायचं की मी घाईनं म्हणून गेले, एवढंच. बँडवाल्यांची सुपारी म्हणजे काय, हे मलाही तेव्हा नीटसं ठाऊक नव्हतं. शब्द ऐकलेला होता, एवढंच.

"मी आदी जाणार," तू म्हणालीस. "तवा माझं तुला सांगावं लागंल. बोलशील का?"

मी म्हणाले, बोलेन.

तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा म्हणाले, बोलेन अक्का, तुझ्या गळ्याची शपथ. तू म्हणालीस, माझ्या गळ्याची कशाला घेतीस, तो तर जाणारच हाय. आणि दोघी हसलो.

ह्या वर्षी तुझ्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. तू ओट्यावर यायचीस पण सूप मांडीवर घेऊन नुसती बसायचीस. एके दिवशी सकाळीच काठी घेऊन निघालीस. मी विचारलं, कुठे, तर दवाखान्यात म्हणालीस. मी येते म्हटलं तर ओद्दू, ओद्दू. उन्हं कलल्यावर आलीस, दमून, आणि हातात औषध नव्हतं. मी विचारलं तर म्हणालीस, डाक्टर बरा माणूस हाय, लई हसला.

त्याच संध्याकाळी लाल कोटवाले गेले दारावरून. मी सवयीनं म्हणाले, ऐकलास का चौथा ठोका? तू भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "व्हय. तुझंबी खरं असंल."

मला धडकी भरली. इतक्या वर्षांत तू कधी हार मानली नव्हतीस. मी म्हणाले, असं बोलू नको, भांड माझ्याशी. तू डोळे मिटून हसलीस. मला वाटलं, तुझं अंग थकलं, म्हणून तू भांडण टाकून दिलंस. मी रागावून आत गेले आणि त्या संध्याकाळी परत बाहेर आले नाही. तो राग मी आता कुणाकडे घेऊन जाऊ?

तू गेलीस तेव्हा सकाळचा भोंगा झाला होता. तुझ्या दारात माणसं जमली. वेंकटेश लाल डोळ्यांनी इकडून तिकडे करत होता. तुमच्या जातीतली म्हातारी माणसं काय काय सांगत होती आणि तो ते आणत होता. हलगीवाले आले आणि विस्तवावर हलग्या शेकायला बसले. मी माझ्या दाराच्या चौकटीला धरून उभी होते. शब्द तयार होते. आईला क्लॅरिनेट हवं होतं, ती म्हणाली होती. एवढेच शब्द. तुझ्या दारापासून माझं दार सहा पावलं. मी मनात म्हणत होते, आता तो ह्या बाजूला वळला की बोलायचं. तो वळला, आणि मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी. मग तो आपणहून माझ्यासमोर आला.

"मावशी," तो म्हणाला, "काय राह्यलं का आईचं? तुमालाच ठावं."

अक्का, त्यानं मला विचारलं. तुझ्या मुलानं माझ्यासमोर उभं राहून विचारलं. मागे चार पुरुष उभे होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. काही नाही राहिलं म्हणून मान हलवली.

हलगी वाजली. तुला नेलं. तू वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी बघितलं, आणि माझा उजवा हात माझ्या डाव्या हाताच्या बोटाला नखानं दाबत होता.

बारा दिवस मी विड्या वळल्या आणि भाकऱ्या भाजल्या. ओट्यावर बसले नाही. आत बसून वळल्या. हे म्हणाले, आत अंधारात का बसतेस, डोळे जातील. तेराव्या दिवशी माल देऊन झाल्यावर माझे पाय घराकडे वळलेच नाहीत. बँडवाल्यांची दुकानं जिथे ओळीनं आहेत त्या रस्त्याला गेले. मी कधी अशा जागी एकटी गेलेली नाही, तुला ठाऊक आहे. दोरीवर लाल कोट वाळत घातले होते. आपण रस्त्यात बघायचो तेव्हा ते राजाच्या कोटासारखे दिसायचे. जवळून पाहिलं तर काखेत ठिगळं होती. आत एक ठेंगणा म्हातारा बनियनवर बसून काळ्या पिपाणीला मेण लावत होता. तो पिपाणीवाला, तिथे सगळे त्याला मास्तर म्हणतात. भिंतीला टेकून, पालथ्या ढोलावर बसून नागनाथ चहा पीत होता. आणखी दोघं कोपऱ्यात झांजा पुसत होते.

मी रस्त्यावरच उभी राहिले. म्हाताऱ्यानं विचारलं, लग्न कधीचं आहे? मला बोलता येईना. त्यानं पुन्हा विचारलं. मग माझ्या तोंडून भलतंच निघालं. "राजव्वा गेली," मी म्हणाले.

कोण राजव्वा, असं तो विचारणार होता. पण त्यानं माझ्या तंबाखूनं पिवळी झालेली बोटं बघितली. पिपाणी खाली ठेवली आणि नागनाथकडे बघितलं. "सुपारीवाली," तो म्हणाला.

मग मास्तर आणि नागनाथ मिळून सांगायला लागले. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. तू काठी टेकत आलीस, ह्याच पायरीवर बसलीस, पाणी मागितलंस. मग म्हणालीस, माझ्या मैत्रिणीला ढोल लागतो. कधी, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, आत्ता नाही, ती मरेल तेव्हा. आधी त्यांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. तू शांतपणे सगळं समजावून सांगितलंस. ती लई लाजरी आहे, स्वतःसाठी ती कुणाला सांगून ठेवणार नाही, आणि मी तर तिच्या आधी जाणार. गल्ली अमुक, निळ्या दाराशेजारचं घर. आणि पदराची गाठ सोडून तू सुपारी त्यांच्यापुढे ठेवलीस.

मास्तर म्हणाला, "म्या बोल्लो, अम्मा, हमारी सुपारी म्हंजे ॲडव्हान्स. पैसे. ही खायची सुपारी घेऊन मी काय करू? तर मलाच म्हनली, कौसल चौथी शिकली हाय, ती सुपारीच म्हनली, तुमाला ठाऊक न्हाय."

तो ते सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता. मग तूही हसलीस म्हणे, मोठ्यानं. पण सुपारी काही परत घेतली नाहीस. तो डाक्टर, लई हसणारा, तो हाच, अक्का.

नागनाथ माझ्याकडे बघत म्हणाला, "त्यांनी मला इचारलं, तू चौथा ठोका का सोडतूस? म्या खरं ते सांगितलं. माझा खांदा ल्हानपणी निखळला. चौथ्याला हात वर जात न्हाय, दुखतो. दुसऱ्यांनी बघून बघून तसंच सुरू केलं. मला तर हसूच येतं." मग म्हणाला, "राजव्वा म्हनल्या, हे कौसलला कदी कळू द्यायचं न्हाय. कशी हाय ती कौसल? हाय ना?"

"मीच," मी म्हणाले.

नागनाथनं चहाचा कप खाली ठेवला आणि तो ढोलावरून उठून उभा राहिला.

म्हणजे तुझ्या हातात हुकमाचं पान आलं होतं, अक्का. इतक्या वर्षांचं भांडण तू त्या संध्याकाळी एका वाक्यात संपवू शकली असतीस. तुझा ढोलवाला कसला बदलतो बाजा, त्याचा खांदा निखळला आहे. तू मला वेड्यात काढून हसली असतीस आणि मीही हसले असते. त्याऐवजी तू भिंतीला टेकून म्हणालीस, तुझंबी खरं असंल. मला वाटलं तू दमलीस.

खांद्याचं कळून मला वाईट वाटेल असं तुला वाटलं. वाटलं नाही ग. त्याला हात उचलता येत नव्हता आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. त्याच्या न उचललेल्या हातानं साऱ्या सोलापूरची चाल बदलली. माझ्या न बोलण्यानं एवढंच झालं की तू हलगीवर गेलीस.

मी मास्तरला ते सांगितलं. तिला तुमची पिपाणी हवी होती, मी सांगायचं होतं, मी बोलले नाही. सगळं एका दमात. मास्तर म्हणाला, आम्ही त्यांना विचारलं होतं, तुमच्यासाठी काय? तर त्या म्हणाल्या, "माझं कौसलवर हाय. न्हाय बोलली तर ऱ्हाऊ दे, तिला बोल लावू नका."

मग त्यानं मेणाच्या डबीशेजारची पत्र्याची एक डबी उघडली आणि मला दाखवलं. विडीच्या पानात गुंडाळलेली सुपारी, वरून आपला लाल दोरा. मी दोऱ्याला हात लावून बघितला. दोन नव्हे, तीन वेढे होते. तू कधी आयुष्यात तीन वेढे घेतले नाहीस. दोरा काय तुझ्या बापाचा हाय का म्हणणारी तू. माझी खूण म्हणून घेतलेस.

मी ती परत ठेवली. ती माझी आहे, माझ्या वेळेला लागेल. माझ्या चंचीतली सुपारी काढून मी मास्तरच्या पुढे ठेवली. तो म्हणाला, बाई, ती तर गेली, आता कशाची सुपारी? मी म्हणाले, देवळाकडे जाताना निळ्या दारापुढे सगळा बँड थांबवायचा. ढोलसुद्धा. फक्त पिपाणी. तो म्हणाला, आता दात हलतात, लांब सूर टिकत नाही. पण एक ओळ निघेल.

दुकानात चार पुरुष होते, अक्का, आणि मी हे सगळं बोलले. तेरा दिवसांपूर्वी हवं होतं ते.

आज सकाळी वरात आली. मी ओट्यावर बसले होते, तुझी जागा सोडून. गल्लीच्या तोंडाशी बँड लागला आणि मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन विड्या झाल्या. चौथीला तीन वेढे घातले, तेवढ्यात निळ्या दारापुढे नागनाथनं हात खाली घेतला. झांजा थांबल्या, कर्णे थांबले. घोड्यावरचा नवरदेव गोंधळून मागे बघायला लागला. वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं, काय झालं रे, वाजवा की. वेंकटेश बनियनवरच दारात आला. मास्तरनं डोळे मिटले आणि एक ओळ वाजवली. लग्नातलीच. मध्ये सूर एकदा फाटला.

त्यात शब्द ऐकू आले, अक्का. इतकी वर्षं मी हे कबूल केलं नव्हतं. तू म्हणायचीस तसे, एकेक.

पण ते ऐकू आले ते ढोल थांबला म्हणूनच. हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तू हे ऐकून काय म्हणाली असतीस ते मला कळत नाही. इतक्या वर्षांत तुझं पुढचं वाक्य मला कधी आधी कळलं नाही. ते ऐकायला म्हणून मी ओट्यावर यायचे.

वरात गेल्यावर वेंकटेश माझ्याजवळ आला आणि काही न विचारता तुझ्या जागेवर बसला. मी त्याला सगळं सांगितलं, हलगीच्या दिवशी मान का हलवली ते सुद्धा. मग त्यानं विचारलं, मावशी, ही ओळ कितीची झाली?

मला सांगता आलं नाही. चौथी विडी अजून सुपात तशीच आहे. तीन वेढे घातलेत. तोंड मुडपायचं राहिलंय.